क्लच प्लेटची झीज व तिचे निदान

हाताने गिअर बदलावे लागणाऱ्या मोटारगाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांची जोडणी करणारा व पेडल दाबताच ती सोडवणारा भाग म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाशी फ्लायव्हील असते, त्यावर बोल्टांनी प्रेशर प्लेट जखडलेली असते आणि या दोहोंच्या मध्ये क्लच प्लेट दाबलेली राहते. प्लेटच्या दोन्ही अंगांना रिव्हेटांनी घर्षण-अस्तर बसवलेले असते. वापराने झिजते ते मुख्यतः हे अस्तर. पण ‘क्लच गेला’ असे म्हणताना गॅरेजात अनेक निरनिराळे बिघाड एकाच नावाखाली जातात : गाडी ओढत नाही, गिअर अडकतो, पेडल जड लागते, आवाज येतो, उचलताना गाडी थरथरते, जळका वास येतो. यांतले झिजलेल्या अस्तराचे भरवशाचे लक्षण एकच, ते म्हणजे पूर्ण भार पडल्यावर होणारी घसरण. बाकीची बहुतेक लक्षणे दुसऱ्या भागांची असतात. क्लच प्लेटपर्यंत पोहोचायचे तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि खर्चाचा मोठा वाटा या मजुरीचाच असतो. म्हणून हा भेद गाडी खोलण्याआधी व्हायला हवा.

क्लच किती जोर पेलतो, हे चार गोष्टींवर ठरते : दाब, घर्षणांक, अस्तराची सरासरी त्रिज्या आणि घासणाऱ्या बाजूंची संख्या. लहान गाडीतील २०० मि.मी. व्यासाची प्लेट घेतली, दाब ४००० न्यूटन, घर्षणांक ०.३ आणि सरासरी त्रिज्या ८.५ सें.मी. धरली, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे २०० न्यूटन-मीटर पीळ पेलला जातो. इंजिनाचा कमाल पीळ १५० असेल, तर जवळपास एक-तृतीयांश शिल्लक हाताशी राहते. झीज लपून राहते ती या शिलकीमुळे. झीज लपण्याला प्रेशर प्लेटमधील डायफ्रॅम स्प्रिंगही हातभार लावते. बशीच्या आकाराच्या स्प्रिंगचा दाब तिच्या दबण्याबरोबर सरळ रेषेत वाढत नाही, तो चढतो आणि मग उतरतो. आल्मेन आणि लास्लो यांनी १९३६ मध्ये त्याचे गणित मांडले. परिणामी अस्तर पातळ होत जाते तसा दाब आधी थोडा वाढतो आणि शेवटच्या टप्प्यात झपाट्याने घटतो. अर्धी झिजलेली प्लेट नव्या प्लेटइतकीच घट्ट धरू शकते. तेव्हा रोजच्या चालवण्यात काहीच जाणवत नाही, याचा अर्थ अस्तर शाबूत आहे असा होत नाही. आणि घसरण दिसू लागली की फारसे आयुष्य उरलेले नसते, कारण घसरणीने उष्णता वाढते, तापलेल्या अस्तराचे घर्षण कमी होते आणि त्यामुळे ते आणखी घसरते.

चाचणी या तर्कातूनच निघते. इंजिन व क्लच तापलेले असावेत, रस्ता कोरडा, मोकळा आणि शक्यतो हलक्या चढाचा असावा. चौथ्या गिअरमध्ये इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. क्लच पूर्ण जोडलेला असताना फेऱ्या आणि वेग यांचे प्रमाण बदलूच शकत नाही : चौथ्यात २००० फेऱ्यांना ताशी ५० कि.मी. वेग असेल, तर ३००० फेऱ्यांना तो ७५ च असला पाहिजे. फेऱ्या दाखवणारी सुई ३००० कडे झेपावली आणि वेग ५५ च्या आसपास रेंगाळला, तर मधला फरक प्लेटवर जळतो आहे. सुई नसलेल्या गाडीत हेच कानाने ओळखता येते. आवाज चढतो, गाडी मागे राहते. खालच्या गिअरमध्ये फेऱ्या पटकन चढतात, इंजिनाचा काही जोर स्वतःलाच वेग देण्यात खर्च होतो आणि क्लचवरचा कमाल भार क्षणभरच टिकतो. वरच्या गिअरमध्ये तो कित्येक सेकंद टिकतो. टर्बो डिझेल इंजिनाचा पीळ साधारण २००० फेऱ्यांच्या सुमाराला शिगेला पोहोचतो, म्हणून घसरण तिथे आधी दिसते. साध्या पेट्रोल इंजिनात त्याहून वर.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की एवढा खटाटोप कशाला. हँडब्रेक ओढावा, चौथा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा, इंजिन बंद पडले म्हणजे क्लच चांगला. ही रीत सर्रास वापरली जाते, पण तिचे उत्तर एकाच बाजूने खरे असते. इंजिन चालूच राहिले, तर क्लच नक्की घसरतो आहे. ते बंद पडले, तर इतकेच कळते की मंद फेऱ्यांवरचा तुटपुंजा पीळ क्लचने पेलला. कमाल पिळाला तो टिकेल की नाही, हे अनुत्तरितच राहते. शिवाय घसरणारा क्लच उभ्या गाडीत क्षणात तापतो, त्यामुळे ही परीक्षा पुन्हा पुन्हा घेणे म्हणजे उरलेसुरले अस्तर जाळणे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : घसरण म्हणजे झीजच कशावरून? तो मान्य केला पाहिजे. केबलच्या क्लचमध्ये अस्तर झिजते तशी स्प्रिंगची बोटे, पेडल दाबल्यावर त्यांना रेटणाऱ्या रिलीज बेअरिंगकडे सरकतात आणि पेडलचा मोकळा खेळ कमी होतो. हाताने जुळवायच्या केबलीत हा खेळ संपला, की पेडल न दाबताही बेअरिंग स्प्रिंगला रेटत राहते आणि अस्तर शिल्लक असतानाही प्लेट घसरते. अशा वेळी केबलचा नट फिरवून, पुस्तिकेत दिलेला खेळ पुन्हा मिळवून चाचणी परत घ्यावी. दुसरे कारण म्हणजे क्रँकशाफ्टचे मागचे किंवा गिअरबॉक्सचे ऑइल सील गळून अस्तर तेलकट होणे. तेव्हाही गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, पण सील तसेच ठेवून नवी प्लेट घातली तर काही दिवसांत तीही घसरू लागते. म्हणजे घसरणीवरून दोष क्लचच्या पकडीत आहे एवढे निश्चित होते. खेळ आणि गळती तपासल्यावर उरते ती झीज.

याउलट गिअर पडत नसेल, रिव्हर्स टाकताना दात करकरत असतील, तर दुखणे बरोबर उलटे आहे. इथे क्लच धरत नाही असे नसून सुटत नाही. हायड्रॉलिक क्लचमध्ये पेडल पोकळ लागून खाली जात असेल, तर मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडरची गळती अथवा नळीत शिरलेली हवा आधी पाहावी. केबल ताणली गेली असेल किंवा प्लेट वाकली असेल, तरीही हेच होते. पेडल दाबल्यावर सुरू होणारा खरखर आवाज बहुधा रिलीज बेअरिंगचा, आणि न्यूट्रलमध्ये पेडल सोडल्यावर येणारा व दाबताच थांबणारा आवाज गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगचा. उचलतानाची थरथर तेलकट अस्तराने, फ्लायव्हीलवरच्या तापून कडक झालेल्या डागांनी किंवा तुटलेल्या इंजिन माउंटिंगनेही होते. ‘पिकअप नाही’ ही तक्रार तर अनेकदा क्लचची नसतेच : तुंबलेला डिझेल फिल्टर किंवा फाटलेली टर्बोची नळी असली, तर वेगाबरोबर सुईही रेंगाळते. घसरणीत ती एकटी पुढे पळते.

पेडल उंचावर धरू लागले म्हणजे प्लेट संपली, ही समजूत केबलच्या क्लचपुरती अर्धी खरी आहे. हायड्रॉलिक रचना झीज आपोआप भरून काढते, तिथे पेडलची उंची फारसे काही सांगत नाही. जड पेडलमागे स्प्रिंगचा वाढलेला दाब असू शकतो, तशी कोरडी पडलेली केबलही असू शकते. केबल स्वस्त, म्हणून ती आधी पाहावी. वासाचेही तसेच. खंबाटकी किंवा कसारा घाटात वाहतूक कोंडली आणि चालकाने हाफ क्लचवर गाडी चढावर तोलून धरली, की नवी कोरी प्लेटही वास मारते. त्या वासावरून चालवण्याची रीत कळते, अस्तराची जाडी कळत नाही. अमुक किलोमीटरनंतर क्लच सेट बदलावा, या सल्ल्यालाही आधार नाही, कारण अस्तर झिजते ते अंतराने नव्हे, जोडताना होणाऱ्या घसरणीने. महामार्गावरच्या शंभर किलोमीटरमध्ये क्लच जितका वापरला जातो, त्याच्या कितीतरी पट तो पुण्या-मुंबईच्या कोंडीत दहा किलोमीटरमध्ये वापरला जातो.

अखेरचा पुरावा गिअरबॉक्स उतरल्यावर हाती येतो. अस्तराच्या पृष्ठभागापासून रिव्हेटच्या डोक्यापर्यंतची खोली मोजतात. नव्या प्लेटमध्ये ती मिलिमीटरभर किंवा थोडी अधिक असते आणि अनेक सेवापुस्तिका ०.३ ते ०.५ मि.मी. ही शेवटची मर्यादा मानतात. त्याखाली गेल्यास रिव्हेट फ्लायव्हीलला घासून गोल चरे पाडतात आणि खर्च प्लेटपुरता राहत नाही. गाडीमालकाने उतरवलेली जुनी प्लेट मागून घ्यावी आणि ही खोली स्वतःसमोर मोजून घ्यावी. खोली भरपूर आणि अस्तर कोरडे निघाले, तर नवा सेट बसवू देण्यापूर्वी खरा दोष कुठे आहे ते विचारावे.