'पिल' : मुकाट्याने गिळायची की विचारून घ्यायची?



'पिल' म्हणजे गोळी, हे आता आपल्याला कुणी सांगायला नको. हा इंग्रजी शब्द लॅटिन भाषेतल्या 'पिलुला' या शब्दावरून आला. त्याचा अर्थ छोटा चेंडू. पूर्वी औषधाची भुकटी मळून हातानेच गोळ्या वळत असत.

गोळी कडू, म्हणून इंग्रजीत 'कडू पिल गिळणे' म्हणजे नको असलेली गोष्ट मान्य करणे. आपण म्हणतो, कडू घोट गिळला. 'पिलला साखर लावणे' म्हणजे वाईट गोष्ट गोड करून सांगणे.

1960 साली अमेरिकेत संततिनियमनाच्या गोळीला मान्यता मिळाली. तेव्हापासून इंग्रजीत नुसते 'द पिल' म्हटले, की हीच गोळी समजतात. मार्गारेट सँगर यांनी या गोळीचा ध्यास घेतला आणि कॅथरीन मॅककॉर्मिक यांनी संशोधनाला पैसा पुरवला. मूल कधी हवे, हे बाईला ठरवता यावे, हा त्यांचा हेतू.

पण या गोळीलाही साखर लावलेली होती. 1956 पासून पोर्तो रिको बेटावरच्या गरीब बायकांवर तिची चाचणी झाली. गोळीने दिवस राहत नाहीत, एवढे त्यांना सांगितले. ती अजून प्रयोगात आहे, हे सांगितले नाही. त्या गोळीत संप्रेरकांचे प्रमाण आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होते. चक्कर, मळमळ, डोकेदुखीच्या तक्रारी आल्या, त्या संशोधकांनी फारशा मनावर घेतल्या नाहीत.

1970 मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये गोळीच्या धोक्यांवर सुनावणी झाली. तेव्हा काही तरुणी उभ्या राहून विचारू लागल्या, गोळी घेणाऱ्या बायकांना साक्षीला का बोलावले नाही? त्याच वर्षी गोळीच्या पाकिटात माहितीचा कागद घालणे सक्तीचे झाले.

आपल्याकडे सरकारी दवाखान्यात 'माला-एन' आणि 'छाया' या गोळ्या मिळतात. 'छाया'तले औषध लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाले, त्यात संप्रेरके नाहीत. दोन्ही घेण्याची पद्धत वेगळी. म्हणून शेजारणीची गोळी आपणही घेऊ, असे करू नये.

आशाताईंना किंवा डॉक्टरांना आधी विचारावे: माझ्या तब्येतीला ही चालेल का? कधी घ्यायची? चुकली तर काय? त्रास झाला तर कुठे यायचे? बचत गटाच्या वहीत सही करण्याआधी आपण हिशेब विचारतोच ना? मग गोळीचाही विचारू या.