हेडफोन, पहिला दर्जेदार : जुन्नर-आंबेगावच्या संदर्भात

हेडफोन, पहिला दर्जेदार : बसस्थानकाबाहेर शंभर-दीडशे रुपयांना घेतलेले हँड्सफ्री बाजूला ठेवून, गाणे नीट ऐकता यावे म्हणून विचार करून घेतलेला आणि सोबत बाळगता येणारा पहिला जोड. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत ही खरेदी बहुधा दोन निमित्तांनी होते. एक, मूल शिकायला पुण्याला निघते तेव्हा. दुसरे, पहिला पगार हातात पडल्यावर. पैसे मोजून-मापून असतात, म्हणून निवड चुकली की ती बरीच वर्षे सोसावी लागते.

हेडफोन मुळात कामाचे साधन होते. १९१० च्या सुमारास अमेरिकेतील नथॅनिएल बाल्डविन यांनी घरच्या स्वयंपाकघरात बनवलेले हेडफोन तिथल्या नौदलाने बिनतारी संदेश ऐकण्यासाठी घेतले. जॉन कॉस यांनी १९५८ मध्ये स्टिरिओ संगीतासाठी हेडफोन आणला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन विक्रीला आला, त्यासोबत हलका हेडफोन होता आणि चालताफिरता गाणी ऐकण्याची सवय जगाला तिथून लागली. १९८४ मध्ये निघालेला कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हा घडी घालून ठेवता येणारा हेडफोन चाळीस वर्षांनंतरही जवळपास त्याच रूपात विकला जातो. पहिली खरेदी करणाऱ्याने हे उदाहरण ध्यानात ठेवावे. या धंद्यात दर वर्षी नवे मॉडेल येते, पण चांगला आवाज दर वर्षी जुना होत नाही.

निवडताना सगळ्यात आधी ठरवावे ते ऐकण्याचे ठिकाण. पुण्यातल्या वाकडेवाडीहून सुटलेली एसटी चाकणच्या कोंडीतून निघून राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत आळेफाट्याला पोचेपर्यंत प्रवाशाच्या कानावर इंजिनाची घरघर आणि खिडकीच्या काचांचा खडखडाट सतत आदळत असतो. अशा ठिकाणी उघड्या पाठीचा हेडफोन, म्हणजे ज्याच्या वाटीला मागून जाळी असते तो, उपयोगाचा नाही. बाहेरचे सगळे आत येते आणि आतले गाणे शेजारच्या सीटवर ऐकू जाते. तोच जोड डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, रात्री नऊनंतर पूर्ण शांत होणाऱ्या गावात, घरी बसून ऐकणाऱ्याला फार सुख देतो. आवाज मोकळा वाटतो आणि कान तापत नाहीत. प्रवासासाठी मात्र कान पूर्ण झाकणारा बंद वाटीचा, नाहीतर कानाच्या नळीत बसणारा इअरफोन हवा.

गोंगाट कमी केल्याशिवाय बारीक आवाज ऐकू येत नाही, याचा मोठा दाखला याच परिसरात उभा आहे. नारायणगावजवळ खोडद येथे जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. जागा निवडताना जी कारणे पाहिली गेली, त्यांत इथली कमी रेडिओ गडबड आणि भोवतीच्या डोंगरांचा आडोसा ही प्रमुख होती. आकाशातून येणारे संकेत अतिशय क्षीण असल्याने तिथे मोबाइलही बंद ठेवावा लागतो. कानाचे गणित वेगळे नाही. बाहेरचा गोंगाट अडवला तर गाणे हळू आवाजातही पुरते. तो अडवला नाही तर बोट आपोआप आवाज वाढवण्याकडे जाते.

गोंगाट अडवण्याच्या दोन रीती आहेत. एक साधी : कान घट्ट बंद करणे. दुसरी विजेवर चालणारी, जिला बाजारात ‘नॉइज कॅन्सलेशन’ म्हणतात. तिच्यात छोटे मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतात आणि त्याच्या बरोबर उलट लहर कानात सोडतात. दोन्ही लहरी एकमेकींना मारतात. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना हेडफोनमध्ये ही युक्ती वापरण्याची कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली. एसटीच्या इंजिनासारखी एकसुरी, खालच्या पट्टीतली घरघर ही यंत्रणा छान खाऊन टाकते. कर्कश हॉर्न, शेजाऱ्यांच्या गप्पा, रडणारे मूल यांच्यापुढे ती कमी पडते. स्वस्त जोडांवरही आता हे शब्द छापलेले असतात, पण खोक्यावरच्या शब्दांपेक्षा कानात बसणारे रबर अधिक महत्त्वाचे.

या रबराबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण बहुतेकांची फसगत इथेच होते. नळीत बसणाऱ्या इअरफोनसोबत लहान, मध्यम आणि मोठ्या मापाच्या टोप्या मिळतात. खरेदीदार बहुधा मधली चढवतो आणि बाकीच्या खोक्यात पडून राहतात. टोपी सैल असली की कानाच्या कडेला बारीक फट राहते आणि त्या फटीतून खालचे सूर निसटतात. गाणे पत्र्याच्या डब्यात वाजल्यासारखे लागते. दोष मात्र इअरफोनला दिला जातो. फोमची टोपी असेल तर ती चिमटीत दाबून बारीक करावी, दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर-मागे ओढावी, टोपी आत सरकवावी आणि ती फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवावी. मग तेच गाणे पुन्हा लावावे. फरक कोणालाही कळतो. दोन कानांची मापे वेगळी असू शकतात. डाव्याला मध्यम आणि उजव्याला मोठी टोपी लागली तर त्यात वावगे काही नाही.

ऐकून पाहायला दुकानदाराने लावलेले दणदणीत गाणे घेऊ नये. आपल्या पाठ असलेले गाणे घ्यावे. या भागात त्यासाठी लांब जायची गरज नाही. नारायणगाव ही तमाशाची पंढरी. विठाबाई नारायणगावकरांचे नाव याच गावाशी जोडलेले, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या इथेच लागतात, गावोगावचे जत्रेचे पुढारी इथेच येऊन सुपारी देतात. ढोलकीसारखी कसोटी हेडफोनला दुसरी मिळणार नाही. तिच्या एका तोंडाची थाप कडक आणि कोरडी, दुसऱ्याचा घुमारा खोल आणि सरकता. सुमार हेडफोनमध्ये घुमारा फुगतो आणि थाप त्यात बुडते. चांगल्यात दोन्ही वेगळे ऐकू येतात, आणि त्यावरून तुणतुण्याची एकच तार बारीक पण स्पष्ट लागत राहते. सुलोचना चव्हाणांची एखादी लावणी लावली तर शब्दाच्या शेवटी गळा कसा झटकन वळतो तेही कळायला हवे.

जुन्या गाण्यांचा आणखी एक उपयोग आहे. त्यांचे मुद्रण बरेचदा मोनो असते, म्हणजे दोन्ही कानांत हुबेहूब एकच आवाज जातो. असा आवाज डोक्याच्या बरोबर मध्यभागी ऐकू यावा. तो एका बाजूला झुकला तर आधी टोप्या किंवा गाद्या नीट बसल्या आहेत का ते पाहावे, मग जोड उलटा घालून बघावा. झुकावही उलटला तर दोन बाजूंचे आवाज काढणारे भाग (ड्रायव्हर) सारखे नाहीत. तो जोड घेऊ नये.

वायर की ब्लूटूथ, हा वाद घरोघर होतो. ब्लूटूथची सोय उघड आहे, आणि २०१६ मध्ये ॲपलने आयफोनमधून ३.५ मिलिमीटरचे भोक काढून टाकल्यापासून अनेक कंपन्यांनी तीच वाट धरली. तरी पहिल्या जोडासाठी वायरचाच विचार आधी करावा, असे या नोंदीचे मत आहे. दोन-तीन हजारांत वायरच्या जोडात जो आवाज मिळतो तो त्याच किमतीच्या ब्लूटूथमध्ये सहसा मिळत नाही, कारण तिथे पैसे बॅटरी, चिप आणि डबी यांतही वाटले जातात. सुट्या बड्समधली बारीक बॅटरी काही वर्षांत दमते आणि ती बदलून मिळणे अवघड असते. फोनला भोक नसेल तर टाइप-सीचा छोटा जोडतुकडा मिळतो. तो आपल्या फोनवर चालतो ना, हे दुकानातच लावून पाहावे. ब्लूटूथच घ्यायचे ठरले तर खोक्यावर बीआयएसचे नोंदणी चिन्ह आहे का ते बघावे आणि पक्के बिल घ्यावे.

खोक्यावरच्या आकड्यांपैकी २० ते २०,००० हर्ट्झ हा आकडा जवळपास सगळेच छापतात, त्यावरून काही ठरत नाही. ओहम, म्हणजे जोडाचा विद्युत अडथळा, पाहावा. सोळा ते बत्तीस ओहमचा जोड मोबाइलवर सहज वाजतो. अडीचशे ओहमचा स्टुडिओतला हेडफोन मोबाइलला जोडला तर आवाज पुरत नाही, मग तो कितीही नावाजलेला असो.

वायर तुटते ती बहुतेक वेळा पिनेच्या मानेपाशी. म्हणून वायर सुटी होणारा जोड घेतला तर नवी वायर लावून काम भागते. ऑडिओ-टेक्निका कंपनीच्या एम-५० या हेडफोनची २०१४ मधली सुधारित आवृत्ती निघाली तेव्हा वायर सुटी करणे हा तिच्यातला महत्त्वाचा बदल होता. वायर पक्की असेल तर मोबाइल दुरुस्तीवाला नवी पिन डाखून देऊ शकतो. आतल्या केसासारख्या तारांवर रंगीत लाखेचा थर असतो. बहुधा लाल तार उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची दोघांची सामाईक. हा थर जाळल्याशिवाय डाख धरत नाही. कान झाकणाऱ्या हेडफोनच्या रेक्झिनच्या गाद्या उन्हाळ्यातल्या घामाने दोन-तीन वर्षांत सोलू लागतात, तेव्हा सुट्या गाद्या मिळतात का हेही घेतानाच विचारावे.

आवाजाच्या मर्यादेबाबत जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन स्पष्ट आहे. मोठ्या माणसाने सरासरी ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज ९० वर गेला की तीच मर्यादा अवघ्या ४ तासांवर येते. लहान मुलांसाठी ४० तासांची पातळी ७५ डेसिबल आहे. आतल्या कानातल्या ऐकण्याच्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली तर आवाज जास्त झाला असे समजावे.

आणि एक सूचना खास या दोन तालुक्यांसाठी. ऊस, केळी आणि डाळिंबाच्या या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांचे निवारा केंद्रही आहे. शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की रात्री पाणी भरायला जावे लागते. अशा वेळी एकट्याने जाऊ नये, हातात काठी आणि बॅटरी ठेवावी, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावावीत, असे वनखाते सांगते. माणसाची चाहूल आधी लागली तर बिबट्या सहसा वाट सोडतो. कान बंद करणारा हेडफोन नेमके उलटे करतो : गाण्याचा आवाज बाहेर जात नाही आणि पाचटातली खसखस आत येत नाही. तेव्हा दिवस मावळल्यावर उसाच्या बांधाने जाताना हेडफोन, कितीही चांगला असला तरी, खिशात ठेवावा आणि गाणे फोनच्या स्पीकरवर लावावे.