प्रवाशाचे अन्न आणि गिरगावची खाणावळ

स्थानिक अन्न चाखणे हा आज प्रवासाच्या आनंदाचा मोठा भाग मानला जातो. गिरगावात येणारा पाहुणाही ठाकूरद्वारापाशी फणसवाडीत वळतो, विनय हेल्थ होममध्ये मिसळ आणि पियूष घेतो, आणि आपण 'अस्सल गिरगाव' चाखले असे समजतो. परंतु मराठी माणसाच्या प्रवासाचा इतिहास पाहिला तर ही वृत्ती बरीच अलीकडची ठरते. परक्या गावचे अन्न हा दीर्घकाळ आनंदाचा नव्हे, धास्तीचा विषय होता.

विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' हा या बाबतीत महत्त्वाचा पुरावा होय. पेणजवळील वरसईचे हे भिक्षुक १८५७ मध्ये दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धुमाळीत सापडले. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये तो वृत्तान्त आपले संस्कार करून छापला. मूळ हस्तलिखिताशी अधिक प्रामाणिक अशी प्रत दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये संपादिली. दैनंदिन जीवनाच्या अभ्यासकाने दुसरीच हाती घ्यावी, हे सांगणे न लगे. गोडसे यांची दृष्टी चौकस आहे. झांशीतील चालीरीती, हळदीकुंकू, राणीचा दिनक्रम हे सारे ते आवडीने टिपतात. तरीही त्यांच्या पंक्तीचे जग मर्यादित आहे. ग्वाल्हेर काय, झांशी काय, तेथे मराठी मंडळींची वस्ती होती म्हणूनच त्यांचा निभाव लागला. प्रदेश बदलला, पण पंगत बदलली नाही.

१८५३ मध्ये बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुरू झाली, आणि पुढील काही दशकांत लोहमार्ग देशभर पसरले. प्रवास सोपा झाला, पण जेवणाचा प्रश्न अधिकच अवघड झाला. नोकरीसाठी मुंबईस आलेला कारकून गिरगावच्या वाड्यांत एक खोली भाड्याने घेई. कुटुंब कोकणात किंवा देशावर असे. हाही एक प्रवासीच होता. त्याचा मुक्काम तेवढा तीस वर्षांचा. खाणावळ निघाली ती त्याच्यासाठी. फणसवाडी, आंबेवाडी ही नावे झाडांची असली तरी तेथे दाटीने वाढली ती माणसे, आणि प्रत्येकाला हवे होते ते आपल्या गावचे जेवण. म्हणजे आज ज्यास आपण गिरगावची चव म्हणतो, ती येथील अन्न खावे लागू नये म्हणून केलेल्या सोयीतून घडली आहे. खोताच्या वाडीतील अनंताश्रम, जे आता बंद झाले, तेथील माशांच्या जेवणाची कीर्ती मोठी. पण त्या चवीचे मूळ गोमंतकात.

या भोजनगृहांची नावे नीट वाचावीत. दादरला १९१० मध्ये मामा काणे यांनी काढले ते 'स्वच्छ उपहारगृह'. इतरत्र 'आरोग्य भुवन', 'हेल्थ होम'. चवीची ग्वाही एकही नाव देत नाही. सोवळ्याची जागा स्वच्छतेने आणि आरोग्याने घेतली, आणि जुना संकोच नव्या शब्दांत सौम्य झाला, असे मला वाटते. पुण्यात १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून टिळक, रानडे यांच्यासारख्यांवर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या शब्दांचे वजन कळते.

मात्र हा संकोच ज्यांच्या बाबतीत सौम्य झाला नाही, त्यांची हकीकत वेगळी आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास वर्णिला आहे. वडील खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे नोकरीस होते. त्यांच्या भेटीसाठी निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे ठरवून, गाडी स्वतः हाकत ती निघाली. शिदोरी भरलेली होती, पण पाणी कोणी देईना. म्हणून अन्न जवळ असूनही ती उपाशी निजली. प्रवासातील भोजनाचा इतिहास केवळ पदार्थांच्या यादीने लिहिता येत नाही, याला याहून ठळक दाखला माझ्या वाचनात नाही. गोडसे यांना झांशीत पंगत मिळाली आणि या मुलांना स्वतःच्या जिल्ह्यात घोटभर पाणी मिळाले नाही.

परळ-लालबागच्या गिरणगावातील खाणावळींचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा. तेथे घाटावरच्या आणि कोकणच्या गिरणीकामगारांना स्त्रिया आपल्या खोलीतच जेवू घालीत. त्यांच्या श्रमाची नोंद सरकारी कागदांत शोधून सापडणे कठीण. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापले, तेव्हा या स्त्रिया प्रथमच संघटित कर्त्या म्हणून पुढे आल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि जेवणारेच पांगले. गिरगावच्या उपहारगृहांविषयी कौतुकाने पुष्कळ लिहिले जाते. या खोल्यांतील चुलींविषयी फार थोडे. त्या चालविणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती आपल्या विद्यार्थ्यांनी आताच घेतल्या पाहिजेत.