नारायणगडची एकादशी आणि दहावा चाँद

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला लोक 'धाकटी पंढरी' म्हणतात. नगद नारायण महाराजांचा हा गड. संत भगवानबाबांचा उमेदीचा काळही इथेच गेला. ज्यांना आषाढीला पंढरपूर गाठता येत नाही असे बालाघाटच्या मुलखातले हजारो लोक या दिवशी गडावर येतात. त्या दिवसाचे माप पंचांग ठरवते, आणि पंचांगाला ते माप चंद्राने दिलेले असते. प्रतिपदेपासून कलेकलेने वाढत चंद्र अकराव्या तिथीला आला की एकादशी.

आपल्याकडे चाँद दिसतो तो अमावास्येनंतर दुसऱ्या संध्याकाळी, क्वचित त्याच्या आदल्या संध्याकाळी. त्या रात्रीपासून आपली पहिली तारीख धरली जाते. म्हणजे आपली पहिली तारीख ही पंचांगातली शुद्ध द्वितीया किंवा तृतीया असते. आता बोटांवर मोजा. आपली दहावी तारीख कुठे येते? शुद्ध एकादशीला, फार तर द्वादशीला. बकरी ईद दहाव्या चाँदची, आशुराही दहाव्या चाँदचा. याचा अर्थ असा की बकरी ईद ज्या दिवशी असते त्या दिवशी किंवा त्याच्या आगेमागे कोणती ना कोणती एकादशी असतेच. शबेबरातीला आकाशात जवळजवळ पूर्ण चंद्र असतो. बारावफात त्रयोदशी-चतुर्दशीला येते, म्हणूनच २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला ती अनंत चतुर्दशीवर आली. यात दैवी संकेत शोधायला नको आणि कुणाचा कट तर मुळीच नको. एकच चंद्र दोघांनी मोजला, की दुसरे काही होणे शक्यच नाही.

गेल्या काही वर्षांत हे ठळकपणे दिसले. २०२१ मध्ये आषाढी एकादशी २० जुलैला होती आणि बकरी ईद २१ जुलैला. २०२२ मध्ये दोन्ही १० जुलैला आल्या, २०२३ मध्ये दोन्ही २९ जूनला. त्या वेळी राज्यातल्या अनेक गावांत मुसलमानांनी कुर्बानी दुसऱ्या दिवशी करायचे ठरवले. शरीयतमध्ये कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहेच, तेव्हा धर्म न मोडता शेजारधर्म पाळता आला. नंतर २०२४ मध्ये १७ जुलैला आणि २०२५ मध्ये ६ जुलैला आषाढी आली ती आशुराच्या दिवशी. एकीकडे दिंड्या, दुसरीकडे ताजिये. प्रशासनाच्या भाषेत याचे नाव 'बंदोबस्ताचा प्रश्न'. शांतता समितीच्या बैठका झाल्या, फलक लागले, सलोख्याची भाषणे झाली. भाषणांना माझा विरोध नाही, पण अशा बैठकांतून दोन अनोळखी माणसे योगायोगाने एका बाकावर येऊन बसली आहेत असा सूर निघतो. आपला इतिहास तसा नाही.

जुने मोडी कागद ज्यांनी हाताळले असतील त्यांना 'छ' हे अक्षर परिचयाचे असेल. पेशवाईतल्या पत्रांत तारीख लिहिताना कारकून 'छ' लिहितो, पुढे आकडा आणि त्यापुढे महिन्याचे नाव. हा 'छ' म्हणजे चंद्र. आणि महिने कोणते? मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रज्जब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. शनिवारवाड्यात बसलेला, संध्या करून कचेरीत आलेला ब्राह्मण कारकून पुण्याच्या दरबाराचा हुकूम आपल्या चाँदच्या तारखेने लिहीत होता. अरबी नावांना त्याने मराठी वळण दिले होते. 'शव्वाल'चा 'सवाल' झाला, 'शाबान'चा 'साबान'. यात कुणाला बाटल्यासारखे वाटत नव्हते. ते राज्यव्यवहाराचे चालते नाणे होते.

वर्षाची गोष्ट आणखी मजेची आहे. या कागदांत शुहूर सन असतो. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा अशा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला हा सन चौदाव्या शतकात, तुघलकांच्या अमदानीत दक्षिणेत रुजला. त्याचे वर्ष मात्र चंद्रावर चालत नाही. सूर्य मृग नक्षत्रात गेला की ते बदलते, म्हणून त्याला 'मृगसाल' असेही नाव आहे. कारण उघड आहे. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे, ऋतूंचे ३६५ दिवसांचे. निव्वळ चाँदवर सारा वसूल करायचा म्हटला तर काही वर्षांनी पीक उभे असतानाच तगादा लागेल. तेव्हा वर्ष शेतकऱ्याच्या सूर्याचे आणि तारीख चाँदची, अशी ही तडजोड. पुढे निजामाच्या राज्यात फसली सन चालला तोही याच गरजेतून. बीड १९४८ पर्यंत त्याच राज्यात होते. आजही जुन्या सातबाराचा किंवा इनामाचा माग काढायला गेलेल्या माणसाला फसली सनाशी गाठ घालावीच लागते.

इनामाचा विषय निघाला म्हणून सांगतो. जुन्या दानलेखांच्या शिळांवर वरच्या बाजूला चंद्र आणि सूर्य कोरलेले असतात. यादवकाळातल्या शिळांवर ते आहेत, वीरगळांवरही आहेत. अर्थ असा, की चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावे. संस्कृतात 'आचंद्रार्क', तर फारसी वळणाच्या मराठी इनामपत्रांत 'अवलाद अफलाद', म्हणजे लेकराच्या लेकरापर्यंत. तोच वायदा, दोन भाषांत. शंकराच्या माथ्यावरची कोर, बाईच्या कपाळावरची चंद्रकोर आणि मशिदीच्या कळसावरची कोर या तिघींची आज आपण वेगवेगळ्या झेंड्यांत वाटणी केली आहे. वास्तविक चाँद-तारा हे इस्लामचे मूळ चिन्हच नाही. इस्लामच्या आधी ते इराणच्या सासानी नाण्यांवर होते, आणि मुसलमानांची ओळख म्हणून ते जगभर पसरले ते उस्मानी तुर्कांच्या झेंड्यामुळे, मुख्यतः एकोणिसाव्या शतकापासून.

दंतकथांचेही असेच आहे. चंद्रावरच्या डागात मराठी घराला ससा दिसतो, म्हणून तो शशांक. कुणाला हरीण दिसते, म्हणून मृगांक. आपल्या घरांत दादी-नानी सांगायच्या की ती चरखा कातत बसलेली बुढी आहे. कापसाच्या मुलखात ही गोष्ट चटकन पटायची. गणेश चतुर्थीचा चंद्र पाहिला तर चोरीचा आळ येतो. कृष्णावर स्यमंतक मण्याचा आला होता. आणि त्याच महिन्यातला, त्याच्या दोन दिवस आधीचा चंद्र दिसावा म्हणून आपण गच्चीवर चढतो, दिसला की वडीलधाऱ्यांना सलाम करतो. एकाने ज्या कोरीकडे पाठ फिरवायची, तीच एकदोन रात्री आधी दुसऱ्याने डोळे भरून पाहायची, याची गंमत दोन्ही घरांतल्या पोरांना ठाऊक होती.

या कथा तुच्छतेने न पाहता टिपून ठेवणारा पहिला मोठा मुसलमान विद्वान म्हणजे अल-बिरूनी. सुमारे १०३० मध्ये पुऱ्या झालेल्या आपल्या हिंदुस्थानवरील ग्रंथात त्याने चंद्राची कथा दिली आहे. प्रजापतीच्या मुली म्हणजे नक्षत्रे चंद्राला दिलेल्या. त्याचा जीव एकट्या रोहिणीवर. बाकीच्यांनी बापाकडे तक्रार केली. बापाने शाप दिला. त्या शापातून सुटण्यासाठी चंद्राने शिवलिंग स्थापले, ते सोमनाथ. ज्या महमूदाने सोमनाथ फोडले त्याच्याच राज्यातला हा माणूस त्या देवळाची जन्मकथा शांतपणे लिहून ठेवतो. अरबांच्या चंद्राच्या २८ मंजिला आणि हिंदूंची २७ नक्षत्रे यांची तुलनाही त्याने केली. सूरह यासीनमध्ये चंद्राच्या मंजिलांचा उल्लेख आहे तो याच मंजिलांचा. अल-बिरूनीने ब्रह्मगुप्ताची कानउघाडणीही केली. ग्रहण सावलीने लागते हे ठाऊक असून राहूचे समर्थन का करता, असा त्याचा सवाल होता.

हा सवाल आपल्यालाही लागू आहे. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरू नये हे पथ्य मराठवाड्यात दोन्ही घरांत पाळले जाते. वास्तविक पैगंबर मुहंमद (स.) यांचा लहानगा इब्राहिम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले, लोक म्हणाले की त्याच्या मृत्यूमुळेच लागले, तेव्हा त्यांनी स्वतः सांगितले की चंद्र-सूर्याला कुणाच्या जगण्यामरण्यासाठी ग्रहण लागत नाही. पुत्रशोकात असलेला बाप हे सांगतो. आणि आपण शक्क-उल-कमरचा पुरावा म्हणून चंद्रावरच्या एका लांब भेगेचे अमेरिकन छायाचित्र एकमेकांना मोबाईलवर पाठवत बसतो! चंद्राच्या पृष्ठभागावर अशा भेगा कितीतरी आहेत. सोळाव्या शतकात मलबारच्या शेख जैनुद्दीन मखदूम यांनी, चंद्र दुभंगल्याची हकीकत ऐकून मलबारचा राजा मुसलमान झाला ही लोककथा लिहून घेतली, पण हे पैगंबरांच्या हयातीत घडले असेल असे वाटत नाही, हा शेराही मारला. श्रद्धा आणि तपासणी एका लेखणीत नांदू शकतात ती अशी.

आपल्या मराठवाड्यात याचे याहून सुंदर उदाहरण आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांचे गाव विज्जडविड, सह्याद्रीच्या आसऱ्याचे. ते म्हणजे बीडच, असे मानणारा एक पक्ष आहे. दुसरा पक्ष खानदेशातल्या पाटणकडे बोट दाखवतो. वाद मिटलेला नाही, आणि मी बीडचा अभिमान धरून तो मिटवणार नाही. पण पुढचे नक्की आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या सांगण्यावरून फैजीने १५८७ मध्ये केले. त्यांच्या 'बीजगणिता'चे फारसी भाषांतर शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदी याने केले. हा अताउल्लाह ताजमहालच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. औरंगाबादचा बीबी का मकबरा त्याचीच रचना. मकबऱ्याच्या दरवाजावर त्याचे आणि हंसपतराय या कारागिराचे नाव आहे. गोदावरीच्या खोऱ्याजवळचे गणित फारसीत नेणारा माणूस पुढे याच खोऱ्याजवळ इमारत बांधायला आला. मकबरा पाहायला जाणाऱ्या आपल्या मुलांना हे कुणी सांगत नाही.

दख्खनच्या बायकांनी तर चाँदचे महिनेच आपल्या मुलखाचे करून टाकले होते. सफर म्हणजे तेरातेजी, रबिलावल म्हणजे बारावफात, त्यापुढचा दस्तगीरचा, मग मदारचा, आणि जिल्काद गुलबर्ग्याच्या बंदेनवाजांचा. अरबस्तानचे महिने पिरांच्या उरुसांवरून ओळखले जात. काही उरूस तर सरळ पंचांगाने चालतात. कल्याणजवळच्या हाजी मलंगचा उरूस माघी पौर्णिमेला भरतो. हल्ली ही नावे घरांतून गेली. जुन्या बायका गेल्या, आणि शुद्धीकरणाच्या भरात उरलीसुरली आपणच पुसली.

दोन्ही गणनांत फरक पडतो तो एका जागी. पंचांग दर ३२-३३ महिन्यांनी एक अधिक महिना घालून चंद्राला ऋतूंशी जुळवून घेते. त्यालाच आपल्या खेड्यात 'धोंड्याचा महिना' म्हणतात, जावयाची त्यात चैन असते. कुरआनने सूरह तौबात महिने मागेपुढे सारण्याची जुनी अरबी चाल बंद केली, म्हणून आपला रमजान उन्हाळ्यातून हिवाळ्यात आणि हिवाळ्यातून पावसाळ्यात फिरत राहतो. २०२१ ते २०२३ ही तीन वर्षे आषाढी आणि बकरी ईद जोडीने चालल्या, कारण मधे अधिक महिना नव्हता. २०२३ चा श्रावण अधिक आला आणि आषाढी एक महिना पुढे सरकून मोहरममध्ये गेली. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक, म्हणून गडावरची आषाढी तेरातेजीच्या महिन्यात जाते. असे करत करत साधारण ३३ वर्षांत फेरा पुरा होतो. याआधी आषाढी आणि बकरी ईद अशा लागून आल्या त्या १९८९-९० च्या सुमाराला. पुढे २०५५ च्या आसपास गडावर टाळ वाजत असतील तेव्हा खालच्या गावात ईदची नमाज होत असेल.