पुढे कोण धावणार?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की लाखांदूरसारख्या तालुक्याच्या गावी पहाटेचे रस्ते धावणाऱ्या पोरापोरींनी भरतात. एकाच्या हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले की २० पैकी २० गुण. ४ मिनिटं ५० सेकंदांत मारले तरी तेवढेच. म्हणून जाणता उमेदवार उरलेला दम १०० मीटर आणि गोळाफेकीसाठी राखतो. तिथे १५-१५ गुण असतात. सोबत्याला पुढून ओढत नेलं तरी आपले गुण कमी होत नाहीत, त्यामुळे पुढे धावायला कुणाची ना नसते.

अजिंक्यपदाच्या शर्यतीत हाच हिशेब उलटा होतो. तिथे पदक वेळेला नाही, नंबराला मिळतं. पुढे धावणारा वारा अंगावर घेतो, वेग ठरवतो आणि मागचे त्याच्या आडोशाने दम वाचवतात. डायमंड लीग या शर्यतींच्या मालिकेत आयोजकच पैसे देऊन वेग ओढणारे धावपटू आणतात. ऑलिम्पिकमध्ये तशी सोय नसते.

मराठी मुलखातल्या धावण्याची सुरुवातीची मोजणी घड्याळावरच झाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणाऱ्या खेडुतांच्या वेळा पाहून दोराबजी टाटा थक्क झाले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय चमू गेला. त्यातले बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये १९ वे आले.

घड्याळ आणि नंबर यांची खरी कुस्ती दिसली ती ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये. २८ अडथळे, ७ पाण्याच्या उड्या. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या ललिता बाबर आपल्या प्राथमिक शर्यतीत चौथ्या आल्या. थेट प्रवेश पहिल्या तिघींनाच होता, पण उरलेल्यांतल्या सहा जलद धावपटूंनाही अंतिम फेरीत घेणार होते. ९:१९.७६ या राष्ट्रीय विक्रमाने त्यांना आत नेलं.

त्याच नियमाने बीडच्या मांडव्याच्या अविनाश साबळे यांना टोकियो ऑलिम्पिकमध्ये बाहेर ठेवलं. त्यांनी ८:१८.१२ असा राष्ट्रीय विक्रम केला, पण त्यांची शर्यतच इतकी वेगवान होती की ते सातवे आले. पुढच्या शर्यतीतले पहिले तिघे त्यांच्याहून सावकाश धावूनही पात्र ठरले.

२०२२ चा जुलै. अमेरिकेतल्या युजीनला जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत पुढे जायला कुणीच राजी नव्हतं. सगळा घोळका रेंगाळत राहिला आणि मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीने अखेरच्या टप्प्यात बाजी मारली. वेळ ८:२५.१३. साबळे ८:३१.७५ मध्ये अकरावे; दीड महिन्यापूर्वीच रबातच्या डायमंड लीगमध्ये ते ८:१२.४८ धावले होते.

पुढच्याच महिन्यात बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासून या प्रकारातली तिन्ही पदकं दर वेळी केनियाकडेच गेली होती. साबळे एकटे, समोर तीन केनियन. पण शर्यत वेगात झाली आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात साबळे अब्राहम किबिवोतच्या अगदी लगत आले. ८:११.१५ विरुद्ध ८:११.२०. अवघ्या ०.०५ सेकंदाने सोनं हुकलं, केनियाची सद्दी मात्र मोडली.

२०२३ मध्ये बुडापेस्टला नियम बदललेला होता: प्रत्येक प्राथमिक शर्यतीतून फक्त पहिले पाच, वेळेवर कुणीही नाही. आता जोरात धावून घड्याळाकडून उसना प्रवेश मिळणार नव्हता. साबळे सातवे आले आणि घरी परतले. दीड महिन्याने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी डावपेचांची भानगडच ठेवली नाही. तिथे त्यांच्या तोडीचं कुणी नव्हतं, त्यामुळे पुढे राहण्याची किंमतही मोजावी लागली नाही. ८:१९.५० चा स्पर्धाविक्रम आणि सुवर्ण. दुसरा आलेला जपानी धावपटू चार सेकंदांहून अधिक मागे होता.

२०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नियम बुडापेस्टचाच होता. साबळे प्राथमिक शर्यतीत ८:१५.४३ मध्ये बरोबर पाचवे आले आणि या प्रकारात ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय पुरुष ठरले. अंतिम फेरीत ते याहून सेकंदभर जलद, ८:१४.१८ मध्ये धावले. नंबर आला अकरावा.