इमान कोणाशी?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी चार वर्षे बसलो. त्यांच्या नावाने बोलण्याचा मान शाळेने मला दिला, याबद्दल मी ऋणी आहे. मराठीचा अध्यापक पैशाच्या इतिहासावर का बोलतो, असे काहींच्या मनात येईल. वडोदऱ्याच्या या शाळेतून बाहेर पडलेली पुष्कळ मुलेमुली आज बँकांत, म्युच्युअल फंडांत, शेअर दलालांच्या कचेऱ्यांत दुसऱ्यांचा पैसा सांभाळण्याचे काम करतात. त्यांपैकी एकाने मध्यंतरी मला विचारले, ‘सर, वरिष्ठांचे चुकते आहे हे दिसत असताना गप्प राहणे, ही निष्ठा म्हणायची की बेइमानी?’ त्या वेळी मला नीट उत्तर देता आले नाही. ते उत्तर आज देण्याचा प्रयत्न करतो.

चाकरीच्या नीतीसाठी आपल्या भाषेत जुने आणि जोरकस शब्द आहेत. खाल्ल्या मिठाला जागणे, निमकहरामी, इमान. ‘इमान’ हा मूळ अरबी शब्द. त्याचा मूळचा अर्थ श्रद्धा. मराठीत तो धन्याशी असलेल्या प्रामाणिकपणासाठी रुळला. परंतु मिठाच्या भाषेत धनी एकच असतो आणि तो समोर बसलेला असतो. जेथे पैसा एकाचा, कारभार दुसऱ्याचा आणि सही तिसऱ्याची असते, तेथे मीठ नेमके कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. व्यवस्थापकाचे, संचालकांचे, भागधारकांचे, की ज्याने विश्वासाने ठेव ठेवली त्याचे?

हा प्रश्न आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. पेशवाईत मोठ्या मामलतीवर मामलतदाराबरोबर दरकदार नेमलेले असत. दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस इत्यादी. हुकमावर दिवाणाची सही लागे. मुजुमदार हिशेब तपासून मग तो फडणिसाकडे पाठवी. फडणीस रोजची कीर्द लिही, कागदांवर तारीख घाली आणि पैशाच्या थैल्यांना चिठ्ठ्या बांधी. पोतनीस वसुलाचा आणि शिल्लक रोकडीचा हिशेब ठेवी. यात लक्षणीय गोष्ट अशी की, दरकदार मामलतदाराच्या हाताखाली काम करीत असले, तरी त्यांना काढून टाकण्याचा अधिकार मामलतदाराला नव्हता. खर्च करणारा हात आणि लिहिणारा हात वेगळा असावा, आणि लिहिणाऱ्याला ‘नाही’ म्हणता यावे, हे त्यामागचे तत्त्व होते. ही व्यवस्था निर्दोष होती असे मी म्हणत नाही. दरक वंशपरंपरेने चालू लागले की काम सैल पडते. आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती इजाऱ्याने दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा या अंकुशाला फारसा अर्थ उरला नाही. तथापि तत्त्व खरे होते, आणि ते विसरल्याची किंमत पुढे मुंबईने मोजली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करण्याच्या कंपन्या, नव्या बँका, वित्तसंस्था रोज निघू लागल्या आणि त्यांचे शेअर दर्शनी किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. या धामधुमीच्या केंद्रस्थानी होते प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई मनोरा ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या मातोश्रींचे नाव त्याला मिळाले, तेच हे दलाल.

बँक ऑफ बॉम्बे ही १८४० साली स्थापन झालेली, सरकारचाही हिस्सा असलेली प्रतिष्ठित बँक. तिच्या मूळच्या सनदेत कर्ज कशावर द्यावे याची कडक बंधने होती. १८६३ च्या कायद्याने ती सैल झाली आणि कंपन्यांच्या शेअरांवर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. भांडवल ५२ लाख २५ हजारांवरून वाढत २ कोटी ९ लाख रुपयांपर्यंत गेले. बँकेचा सेक्रेटरी जेम्स ब्लेअर याच्यावर प्रेमचंदांचा मोठा प्रभाव होता. तारणाचे खरे मोल न पाहता रकमा बाहेर गेल्या. पुढे १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले, कापूस कोसळला आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी मुंबईच्या बाजाराचा कणा मोडला. बँक काही काळ तग धरून राहिली. अखेर १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली आणि त्याच नावाची नवी बँक काढावी लागली.

सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने या बुडितीची चौकशी केली. कायद्यातील ढिलाई, दुबळे आणि तत्त्वशून्य सेक्रेटरी, निष्काळजी संचालक आणि काळाचे असाधारण स्वरूप अशी कारणे त्याने नोंदवली. मला यातील संचालकांचा भाग अधिक बोधप्रद वाटतो. त्यांत सरकारने नेमलेली माणसेही होती. त्यांनी चोरी केली असे कोणी म्हटले नाही. त्यांनी विचारायला हवे ते विचारले नाही, एवढेच. सेक्रेटरीने बँकेच्या विश्वासापेक्षा बाजारातील बड्या माणसाचा शब्द मोठा मानला आणि संचालकांनी परस्परांची भीड राखली. ज्याचा पैसा होता तो भागधारक बिचारा या भिडेच्या पलीकडे उभा होता.

यानंतर सव्वाशे वर्षांनी जगाने तोच धडा पुन्हा गिरवला. लंडनची बेअरिंग्ज ही १७६२ साली स्थापन झालेली पेढी. तिचे संस्थापक फ्रान्सिस बेअरिंग ईस्ट इंडिया कंपनीचे अध्यक्ष होते. त्यांचे पणतू लॉर्ड नॉर्थब्रुक हिंदुस्थानचे व्हाइसरॉय असतानाच १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि बालवयातील सयाजीराव आपल्या वडोदऱ्याच्या गादीवर आले. अशा या घराण्याच्या बँकेच्या सिंगापूर कचेरीत निक लीसन नावाचा तरुण वायदेबाजारात सौदे करी. सौद्यांची नोंद आणि पूर्तता पाहणारा विभागही त्याच्याच हाती होता. म्हणजे मामलतदार तोच आणि फडणीसही तोच. जुलै १९९२ मध्ये उघडलेल्या ८८८८८ क्रमांकाच्या खात्यात तो तोटा दडवीत गेला. वर मात्र नफा दिसे आणि त्या नफ्यावर वरिष्ठांचे बोनस ठरत. १९९४ च्या अंतर्गत तपासणीत दोन्ही कामे एकाच माणसाकडे असणे धोक्याचे आहे, असा शेरा आला होता. त्यावर कार्यवाही झाली नाही. जानेवारी १९९५ मध्ये जपानात कोबे येथे भूकंप झाला, बाजार घसरला आणि तोटा फुगत गेला. तो ८२ कोटी ७० लाख पौंडांपर्यंत पोहोचला. फेब्रुवारीअखेर बँक बुडाली आणि पुढच्या महिन्यात आयएनजी या डच संस्थेने ती अवघ्या एका पौंडाला घेतली. लीसनला सिंगापुरात साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. शेरा वाचून तो बाजूला ठेवणाऱ्यांना तुरुंग पाहावा लागला नाही.

गुंतवणूक-व्यवसायातील माणसांसाठी सीएफए इन्स्टिट्यूट या आंतरराष्ट्रीय संस्थेने जी आचारसंहिता केली आहे, तिच्यात मालकाप्रति कर्तव्यांचे स्वतंत्र प्रकरण आहे. मालकाच्या हिताविरुद्ध जाऊ नये, त्याची गुपिते फोडू नयेत. सर्व संबंधितांच्या लेखी संमतीशिवाय त्याच्या हिताला बाध आणणारे बाहेरचे मानधन वा भेट घेऊ नये. आणि वरिष्ठाने हाताखालच्यांवर नीट लक्ष ठेवावे. नोकरी सोडताना आपले कसब आणि अनुभव बरोबर नेता येतो. गिऱ्हाइकांच्या याद्या आणि कागदपत्रे नेता येत नाहीत. मात्र गिऱ्हाइकाचे हित आणि बाजाराची सचोटी यांचे स्थान मालकाच्याही वर आहे. त्यांच्या रक्षणासाठी मालकाची आज्ञा मोडावी लागली, तर ती बेइमानी ठरत नाही. स्वतःच्या लाभासाठी मोडली, तर ठरते.

हे वाचताना मला माझे वडील आठवले. ते याच शहरात एका पेढीवर मेहताजी होते. १९६२ साली शेठजींनी एका गिऱ्हाइकाची ठेव परत दिल्याची नोंद रोजमेळात करायला सांगितले. ठेव दिलेली नव्हती. वडील म्हणाले, ‘शेठ, वही आपली आहे, अक्षर माझे आहे. हे मी लिहिणार नाही.’ महिनाअखेर त्यांची नोकरी गेली. त्या वर्षी माझी फी माफ झाली, ती ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत त्या गुरुवर्यांच्या शब्दामुळे. पुढे वडिलांना दुसऱ्या पेढीवर काम मिळाले. तेथे त्यांना जुन्या पेढीची गिऱ्हाइके कोण, कोणाची किती रक्कम, असे पुष्कळदा विचारले गेले. त्यांनी एक नाव सांगितले नाही. ज्याने घरी बसवले, त्याचेही गुपित त्यांनी जपले.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. शेवटच्या आजारपणात एका दुपारी ते आपण होऊन म्हणाले, ‘मी लिहिले नाही हे ठीक झाले. पण ज्याची ठेव होती त्याला सांगितले नाही. ते राहून गेले.’ तीस वर्षे हे त्यांच्या मनात होते.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी आता एवढेच सांगेन. मालकाची गुपिते जप, त्याचा वेळ चोरू नकोस, त्याची गिऱ्हाइके फोडू नकोस. हे मिठाचे देणे आहे. खोटे लिहायला सांगितले तर लिहू नकोस. आणि तेवढ्यावर थांबू नकोस. प्रथम वरिष्ठाला लेखी सांग. त्याने ऐकले नाही तर त्याच्याही वरच्याला सांग. आणि कोणीच ऐकले नाही, तर कायद्याने ज्याच्याकडे दाद मागता येते त्याच्याकडे जा. यात नोकरी जाऊ शकते, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. आमच्या घरात ती गेली होती. पण वडिलांना अखेरपर्यंत सलत राहिली ती गेलेली नोकरी नव्हे. न सांगितलेली गोष्ट होती.