रेडिओचं लिटर, आजीचा तांब्या

परवा सकाळी चहा गाळता गाळता बातम्या कानावर पडत होत्या. पावसाचे आकडे सुरू झाले आणि "चिकलठाणा वेधशाळेत..." एवढं ऐकताच हातातली गाळणी तशीच राहिली. गाव सोडून इतकी वर्षं झाली, पण ही खोड काही जात नाही. बाहेरच्यांना चिकलठाणा म्हणजे विमानतळ आणि एमआयडीसी. आमच्यासाठी मात्र ते सुखना नदी, काकांचं वावर आणि रेडिओतून येणारा पावसाचा आकडा.

याच आकड्याने एकदा आम्हाला फसवलं होतं. म्हणजे खरं तर आम्हीच फसलो होतो.

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मृग चांगला लागला होता. रेडिओवर चिकलठाण्याचा दणदणीत आकडा ऐकला आणि काकांनी दुसऱ्याच दिवशी कपाशी लावून टाकली. वावर सुखनेच्या पलीकडे, वेधशाळेपासून पाच-सहा किलोमीटरवर. तिथे पाऊस झाला होता, पण निम्मासुद्धा नाही. वरची माती ओली, खाली बोट घातलं तर कोरडी ठाक. पुढे तीन आठवडे आभाळ फिरकलंच नाही. दुबार पेरणी करावी लागली, आणि त्या बियाण्याच्या बॅगा काकूची पाटली गहाण ठेवून आणल्या. काकू त्यावर काहीच बोलली नाही, म्हणून ते जास्त लक्षात राहिलं.

वेधशाळेचं चुकलं नव्हतं. ती तिच्या अंगणातला पाऊस मोजते, सकाळी साडेआठला मागच्या चोवीस तासांचा. रेडिओने तो जसाच्या तसा सांगितला. पण तो आकडा आमच्या वावरातला नव्हता. निदान ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, हेही रेडिओच सांगतो. ते मिलिमीटर कुणाच्या शिवारातले, हे ज्याचं त्यानेच बघायचं असतं.

मग या रेडिओच्या सल्ल्यांचा इतिहास जरा खणून काढला. शेतकऱ्यांसाठी हवामानाची माहितीपत्रं आपल्याकडे १९४५ पासून रेडिओवर येऊ लागली. औरंगाबादला निजामाच्या काळातलं एक रेडिओ केंद्र होतं. संस्थानं विलीन झाल्यावर १९५० मध्ये ते आकाशवाणीत आलं. मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या कानात बसलेलं परभणी केंद्र सुरू झालं १९६८ साली. म्हणजे ७२ च्या दुष्काळात, लोक खडी फोडायला जात होते आणि सुकडी खाऊन दिवस काढत होते, तेव्हा परभणी ऐकू येत होतं.

पण मला सगळ्यात आवडली ती १९५६ ची पुण्याची गोष्ट. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने एक प्रयोग केला. मराठी मुलखातले पाच जिल्हे, सुमारे दीडशे गावं. प्रत्येक गावात पंधरा-वीस जणांचं मंडळ. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे दहा आठवडे वीस कार्यक्रम. शेती, आरोग्य, साक्षरता असे रोजच्या जगण्याचेच विषय. कल्पना कॅनडाची, तिथे अशी मंडळं १९४१ पासून चालत होती. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि बोलायचं. हे आपल्या गावात जमेल का? कोण करणार? शंका राहिली तर पुण्याला लिहायची, उत्तर पुढे रेडिओवरच मिळे.

मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याची पाहणी केली, पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली. निष्कर्ष मोठा गमतीचा. मंडळं असलेल्या गावांतल्या लोकांची माहिती खूपच वाढली. पण ज्या गावात नुसता रेडिओ होता, मंडळ नव्हतं, तिथे आणि जिथे रेडिओच नव्हता तिथे फारसा फरक दिसला नाही! म्हणजे नुसतं ऐकून काही होत नाही, ऐकल्यावर आपसांत बोलावं लागतं. १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली.

आणि आम्ही? आम्ही त्यात नव्हतोच. तो प्रयोग झाला तेव्हा मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. मुंबई राज्यात आलो ते त्याच वर्षी १ नोव्हेंबरला.

हे वाचताना एकदम आजी आठवली. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, धाकट्या भावाला जुलाब लागले होते. आजीने रेडिओवर ऐकलं होतं की एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून थोडं थोडं पाजत राहा. पण घरात लिटर कुठलं? घरात होता तांब्या. मीठ जास्त पडलं तर पोराला अपाय होतो, हेही तिने ऐकलेलं. ती तांब्या घेऊन हापशावर गेली. तिथे बायकांची चर्चा झाली. एक म्हणाली, "बाई, दूधवाल्याकडं लिटरचं माप असतंय की." माप आणलं, पाणी ओतलं, आमचा दीड तांब्या भरला. मग चमच्यावरून वाद, मग सपाट म्हणजे किती सपाट यावरून वाद. त्या दिवसापासून हापशावरच्या प्रत्येकीला आपापल्या तांब्याचं लिटर पाठ झालं. (आता दवाखान्यात ओआरएसची पाकिटं मिळतात, तीच वापरावीत. पण तीही मोजून एक लिटरमध्येच विरघळवायची, बरं का. तांब्याचा प्रश्न सुटलेला नाही!)

हापशावर जमलेल्या त्या बायकांनी युनेस्कोचं नाव ऐकलं नसणार. पण पुण्याने दीडशे गावांत केलं तेच त्यांनी अर्ध्या तासात केलं. रेडिओचं माप आपल्या मापात बसवून घेतलं. काकांनी त्या वर्षी तेवढंच केलं नव्हतं. ऐकलं आणि एकट्याने ठरवलं.

दुबार पेरणीनंतर काकांनी बांधावर एक सरळ कडांचा पत्र्याचा डबा ठेवला. डब्याचं तोंड केवढंही असो, कडा सरळ असल्या की आत जेवढी उंची तेवढाच पाऊस. शाळेतली पट्टी बुडवायची आणि वाचायचं. शेजारच्या दोघांनीही डबे ठेवले. तिघांचे आकडे कधीच जुळत नाहीत, आणि सकाळी बांधावर त्याचीच चर्चा चालते.

परवा आकडा ऐकून मी काकांना फोन लावला. म्हटलं, "काका, चिकलठाण्याला बराच झाला म्हणे."

"झाला असंल," काका म्हणाले. "थांब, डबा बघून सांगतो."